घाटाखालचा पुरावा, घाटावरचं काम

मनोविकारावर किंवा व्यसनावर नवा उपचार आला असं ऐकलं की आपल्या डोळ्यांपुढे नवी गोळी येते. तशा बातम्या येतातही. इतर औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी नाकात फवारायच्या एस्केटामिनला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ मध्ये परवानगी दिली. मानसिक आघातानंतरच्या विकारासाठी एमडीएमए या द्रव्याला परवानगी मागणाऱ्या कंपनीला त्याच प्रशासनाने २०२४ मध्ये पुरावा अपुरा म्हणून परत पाठवलं. हे संशोधन हवंच. पण कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड, गगनबावडा किंवा शाहूवाडीतल्या एखाद्या वाडीवर रोज संध्याकाळी दारू पिणाऱ्या माणसाची अडचण निराळी आहे. त्याच्याशी या विषयावर कुणी धड बोललेलंच नसतं. घरचे रडतात, भांडतात, देवऋष्याकडे नेतात, शपथा घालतात, आणि डॉक्टरची गाठ पडते ती काविळीने डोळे पिवळे झाल्यावर. दिल्लीच्या एम्सच्या पुढाकाराने झालेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. दारूवर पुरते अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच कसलीतरी मदत मिळाली होती, असं त्यात दिसतं. म्हणून माझं म्हणणं असं की उपचार कोण देणार हाही वैद्यकीय संशोधनाचाच प्रश्न आहे, आणि कोल्हापूरसाठी तो नव्या गोळीपेक्षा जास्त निकडीचा आहे.

या प्रश्नाचा सर्वांत काटेकोर अभ्यास आपल्या शेजारी, गोव्यात झाला. ‘संगाथ’ ही तिथली संस्था १९९६ पासून काम करते. डॉ. विक्रम पटेल, डॉ. अभिजित नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत दोन चाचण्या घेतल्या. त्यांचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. एक चाचणी घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांची, दुसरी तीव्र नैराश्याच्या रुग्णांची. समुपदेशक होते शाळा शिकलेले स्थानिक लोक. मानसोपचाराची पदवी कुणाकडेच नव्हती. दारूसाठी जास्तीत जास्त चार बैठका. स्वतःच्या पिण्याचा हिशेब रुग्णाने स्वतःच मांडायचा, आग्रह झाला तर नाही कसं म्हणायचं ते ठरवायचं, तलफ आली की काय करायचं ते आधीच बोलून ठेवायचं. नैराश्यासाठी सहा ते आठ बैठका. मन उभारी धरण्याची वाट न पाहता, बंद पडलेली छोटी छोटी कामं पुन्हा सुरू करायची, हा त्यांचा गाभा. कुणाला समुपदेशन मिळणार हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरलं. उरलेल्यांनाही वाऱ्यावर सोडलं नव्हतं. त्यांच्या तपासणीचा निकाल डॉक्टरांच्या हाती दिला होता आणि नेहमीचे उपचार चालू होते.

आकडे नीट वाचायला हवेत, कारण त्यांत आशा आहे आणि मर्यादाही. तीन महिन्यांनी नैराश्यातून बाहेर आलेले समुपदेशनाच्या गटात ६४ टक्के होते, दुसऱ्या गटात ३९. दारूच्या चाचणीत धोक्याच्या पातळीखाली आलेले ३६ विरुद्ध २६ टक्के. शेवटच्या चौदा दिवसांत थेंबही न घेतलेले मात्र ४२ विरुद्ध १८. वर्षभरानंतर धोक्याखाली असलेल्यांचं प्रमाण ५४ विरुद्ध ३२ भरलं. म्हणजे चार बैठकांचा परिणाम विरून गेला नाही. पण जे पीतच राहिले त्यांचं रोजचं प्रमाण कमी झालं नाही, आणि बायकोला होणारी मारहाणही या समुपदेशनाने घटलेली दिसली नाही. हे संशोधकांनी लपवलं नाही, आपणही लपवू नये. गावात दारूबंदी व्हावी म्हणून आडव्या बाटलीला मतदान करायला रांगेत उभ्या राहणाऱ्या बायकांना मारहाणीचा हाच प्रश्न सर्वांत आधी पडतो, आणि त्याचं उत्तर अजून शोधायचं आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा: पदवी नसलेल्याच्या हाती मन सोपवायचं का? आक्षेप रास्त आहे, आणि दारूच्या चाचणीची रचना त्यालाच उत्तर म्हणून केलेली होती. दहा प्रश्नांच्या प्रश्नावलीत ज्यांचे गुण फार वर गेले, म्हणजे ज्यांना दारूशिवाय हात थरथरण्याची अवस्था आली असावी, त्यांना या समुपदेशनात घेतलंच नाही. अशा माणसाने एकाएकी दारू सोडली तर फीट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. तिथे डॉक्टर आणि औषधंच लागतात. शिवाय समुपदेशकांच्या बैठका ध्वनिमुद्रित होत, सहकारी त्या ऐकून गुण देत, तज्ज्ञ मागे उभे असत. अशी देखरेख नसेल तर हा उपचार उरत नाही, नुसता उपदेश उरतो.

दुसरा आक्षेप मला जास्त अस्वस्थ करतो. गरिबांवर प्रयोग का? या देशात औषधचाचण्यांत माणसांची फसवणूक झाली आहे, त्यामुळे ही शंका अनाठायी नाही. म्हणूनच २००९ पासून औषधचाचण्यांची राष्ट्रीय नोंदवहीत आधी नोंद करणं सक्तीचं झालं आणि २०१९ मध्ये नवे नियम आले. सहभागी होणाऱ्याला त्याच्या भाषेत सगळं समजावलं पाहिजे आणि मधूनच बाहेर पडायची मोकळीक दिली पाहिजे. पण न तपासलेले उपचारही गरिबांवर प्रयोगच असतात, फक्त त्यांची नोंद कुठे होत नाही. साखळीने बांधून व्यसन सोडवणारे, जेवणातून गुपचूप पूड द्यायला सांगणारे कुणाला हिशेब देतात?

तिसरा मुद्दा आक्षेपाचा कमी आणि सावधगिरीचा जास्त. गोव्यात सिद्ध झालं म्हणून ते कोल्हापुरात जसंच्या तसं लागू होईल, असं मी म्हणणार नाही. डॉ. पटेल यांच्याच २०१० मधल्या ‘मानस’ चाचणीत सरकारी केंद्रांत समुपदेशनाने मोठा फरक पडला, आणि खासगी दवाखान्यांत जवळजवळ काहीच पडला नाही. एकाच राज्यात, एकच पद्धत, तरी असं! मग इचलकरंजीत यंत्रमागावर रात्रपाळी करणारा कामगार बैठकीला कधी येईल, ऊसतोडीच्या हंगामात तिसरी-चौथी बैठक चुकेल का, गावात ‘वेड्याच्या डॉक्टरकडे गेला’ अशी कुजबुज होऊ नये म्हणून ती आरोग्य केंद्रात घ्यावी की घरी, हे इथेच तपासावं लागेल. बायकांच्या पिण्यावर तर गोव्यातल्या दारूच्या चाचणीत काहीच नाही, ती पुरुषांचीच होती.

त्यासाठी लागणारं बरंचसं इथे आहे. सीपीआर रुग्णालय आणि त्याला जोडलेलं राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, बाराही तालुक्यांत प्राथमिक आरोग्य केंद्रं आहेत, दारोदार पोचणाऱ्या आशाताई आहेत. त्यांच्यावर आणखी एक काम फुकट लादू नये. समुपदेशनाचा वेगळा मोबदला आणि वेगळा वेळ द्यावा. महाविद्यालय आणि जिल्हा परिषदेने मिळून सुरुवातीला चार-सहा केंद्रं निवडावीत, नीतिसमितीची मंजुरी घ्यावी, आणि निष्कर्ष चांगले आले वा वाईट, मराठीत गावापुढे मांडावेत. तोवर ज्यांच्या घरात हा प्रश्न आजच उभा आहे, त्यांनी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. तो निःशुल्क आहे, चोवीस तास चालतो आणि पलीकडून मराठीत बोलता येतं.