अर्जातला तिसरा प्रकल्प

शास्त्रज्ञाच्या हाती परीक्षानळी येण्याआधी लेखणी यावी लागते, हे तुम्हांला ठाऊक आहे काय? उपकरणे, रसायने, साहाय्यकांचे पगार यांना पैसा लागतो. तो मिळविण्यासाठी सरकारकडे अर्ज करावा लागतो. अशाच एका अर्जाची ही हकिकत.

१९८० साली अमेरिकेतील युटा विद्यापीठाचे मारिओ कापेक्की यांनी ‘नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ’ या सरकारी संस्थेकडे अर्ज केला. त्यात तीन प्रकल्प होते. असे अर्ज त्या त्या विषयातले शास्त्रज्ञच तपासतात. परीक्षकांना पहिले दोन प्रकल्प आवडले. तिसरा मुळीच पटला नाही.

काय होता तो? सस्तन प्राण्याच्या पेशीत बाहेरून जनुक सोडायचे आणि त्याने पेशीतल्या आपल्या जुळत्या जनुकाचीच जागा घ्यायची! उंदराच्या डीएनएत अक्षरे जवळजवळ ३०० कोटी. भल्या मोठ्या ग्रंथालयातून एक नेमकी ओळ आपोआप सापडावी, तशीच ही अपेक्षा.

परीक्षकांची शंका रास्त होती. ते तीन गोष्टी पाहतात : प्रश्न महत्त्वाचा आहे का? पद्धत योग्य आहे का? आणि हे जमेल याला पुरावा काय? या शेवटच्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर त्यांना दिसेना. पहिल्या दोन प्रकल्पांच्या बळावर अनुदान मिळाले. तिसरा सोडून द्या, असा सल्लाही मिळाला.

कापेक्कींनी मात्र बहुतेक सारे बळ तिसऱ्यावरच लावले. फसले असते, तर पुढचे अनुदान मिळणे कठीण होते. पण चार वर्षांत पुरावा हाती आला. १९८४ साली त्यांनी पुन्हा अर्ज केला, तेव्हा आमचा सल्ला तुम्ही मानला नाही हे बरे झाले, असे परीक्षकांनीच कळविले. याच तंत्राने एखादे जनुक निकामी केलेले उंदीर तयार करून आज अनेक रोगांचा अभ्यास होतो. २००७ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक कापेक्कींना मार्टिन इव्हान्स व ऑलिव्हर स्मिथीज यांच्यासमवेत मिळाले.

यातून ‘सल्ला धुडकावा’ असा धडा घेऊ नका. भक्कम दोन प्रकल्पांनी धाडसी तिसऱ्याला आधार दिला आणि परीक्षकांचे मन वळविले ते पुराव्याने. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी प्रकल्प सुचवाल, तेव्हा काय शोधायचे, कशासाठी आणि कसे, हे लिहाच. पण आधी एक छोटा प्रयोग करून पाहा आणि त्याचे आकडे सोबत जोडा. गुरुजींचा पहिला प्रश्न तोच असेल : ‘जमेल कशावरून?’