कवकनाशक अवशेषांचे विद्युत् रासायनिक अभिज्ञान

पिकांवर फवारलेल्या कवकनाशकांचा (बुरशीचा नाश करणाऱ्या रासायनिक द्रव्यांचा) जो अल्पांश पाण्यात, फळांत, भाज्यांत वा धान्यांत मागे राहतो, त्यास अवशेष म्हणतात. विद्युत् अग्रावर होणाऱ्या विक्रियेवरून हे अवशेष ओळखता व मोजता येतात.

आवश्यकता : द्राक्षांवरील केवडा व भुरी या रोगांच्या नियंत्रणासाठी नासिक, सांगली इ. जिल्ह्यांत हंगामात वारंवार फवारणी करावी लागते. प्राण्यांवरील प्रयोगांत कार्बेंडाझिमाचा जननेंद्रियांवर अनिष्ट परिणाम आढळला आहे. मँकोझेब तापविले असता त्यापासून एथिलीन थायोयूरिया बनते व ते अवटू ग्रंथीस अपायकारक असते. त्यामुळे अन्न शिजविल्याने धोका टळतोच असे नाही. यूरोपीय संघाने पिण्याच्या पाण्यातील कोणत्याही एका पीडकनाशकाची कमाल मर्यादा दर लिटरला ०·१ मायक्रोग्रॅम (१ मायक्रोग्रॅम = ग्रॅमचा दशलक्षांश भाग) ठरविली आहे.

तत्त्व : यारोस्लाव्ह हेरॉव्हस्की यांनी १९२२ मध्ये पाऱ्याच्या थेंबांचे विद्युत् अग्र वापरून ध्रुवणालेखन ही पद्धत शोधून काढली व त्याबद्दल त्यांना १९५९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आधुनिक उपकरणात नमुन्याच्या विद्रावात कार्यकारी, संदर्भ व साहाय्यक अशी तीन विद्युत् अग्रे बुडवितात. कार्यकारी अग्राचे वर्चस् क्रमाने बदलत नेले असता विशिष्ट मूल्यास पदार्थाचे ऑक्सिडीकरण (इलेक्ट्रॉन गमावणे) किंवा क्षपण (इलेक्ट्रॉन मिळविणे) होऊन प्रवाहाच्या आलेखात शिखर दिसते. शिखराच्या स्थानावरून पदार्थाची ओळख पटण्यास मदत होते, तर उंचीवरून त्याची संहती (विद्रावातील प्रमाण) काढता येते. कार्बेंडाझिमाचे ऑक्सिडीकरण कार्बनाच्या अग्रावर होते.

अवशेष अत्यल्प असल्यास ते प्रथम अग्रावर साठवितात. उदा., मोरचूद व चुना यांपासून केलेल्या बोर्डो मिश्रणातील तांबे क्षपणाने अग्रावर जमवून नंतर वर्चस् उलट दिशेने बदलल्यास ते पुन्हा विरघळते व मोठे शिखर मिळते. मात्र यावरून एकूण तांबे समजते. ते फवारणीचे की नैसर्गिक हे कळत नाही. सोन्याचे अतिसूक्ष्म कण, ग्रॅफीन किंवा कार्बनाच्या सूक्ष्मनलिका यांचा लेप दिल्यास अग्राची संवेदनक्षमता वाढते. काही संवेदकांत एंझाइमाच्या क्रियेत कवकनाशकामुळे येणारा अडथळा मोजतात.

मर्यादा : फळांच्या रसातील फिनॉलिक संयुगांचे ऑक्सिडीकरण जवळपासच्या वर्चसास होऊन शिखरे एकमेकांत मिसळतात, प्रथिने व इतर द्रव्ये चिकटून अग्र मंद होते. म्हणून अन्नाच्या नमुन्यातून अवशेष आधी विद्रावकाने वेगळे काढतात व ज्ञात प्रमाणात तेच कवकनाशक मिसळून शिखराची वाढ पडताळतात. शिवाय सर्वच कवकनाशके अग्रावर विक्रिया देत नाहीत. उपकरण लहान, स्वस्त व शेतावर वा जलाशयाकाठी नेण्याजोगे असल्याने ही पद्धत प्राथमिक छाननीस उपयुक्त आहे; संशयित नमुन्याचा अंतिम निर्णय मात्र द्रव वर्णलेखन व द्रव्यमान वर्णपटविज्ञान यांच्या साहाय्यानेच करणे इष्ट ठरते.