रीयूजअ‍ॅड्रेस: लिनक्सवर औषध, विंडोजवर दुखणं

सर्व्हर बंद करून लगेच चालू केला की बाइंड फसतं: लिनक्सवर एरर ९८, मॅकवर ४८, विंडोजवर १००४८. लिनक्सवर बहुधा जुनं कनेक्शन ६० सेकंद टाइम-वेटमध्ये अडकलेलं असतं. बाइंडआधी रीयूजअ‍ॅड्रेस ऑप्शन लावला की काम होतं.

तीच ओळ विंडोजवर नेऊ नका! तिथे तोच प्रोग्राम चुकून दोनदा चालवला तरी दोन्ही एकाच पोर्टवर बसतात. एरर नाही, आणि येणारं कनेक्शन कुणाकडे जाईल याचा भरवसा नाही. प्रयोगाची अर्धी रीडिंग्ज भलत्याच फाइलमध्ये. (वडखळ नाक्यावर अलिबाग आणि गोवा असे रस्ते फुटतात, पण तिथे निदान पाटी तरी असते.)

विंडोजसाठी एक्सक्लुझिव्ह-अ‍ॅड्रेस-यूज लावा. पोर्ट कुणी धरलाय ते ‘नेटस्टॅट -एएनओ’ने कळतं.