वाऱ्याने वितळणारं कथील

राहुरी, संगमनेर, कोपरगावच्या पट्ट्यात उसाला पाणी द्यायचं ते विजेच्या वेळापत्रकाप्रमाणे. शेतीपंपांना काही दिवस दिवसा वीज, काही दिवस रात्री. रात्रीच्या पाळीला उसात शिरायचं म्हणजे बिबट्याची धास्ती असतेच. म्हणून विहिरीवरच्या पेटीत मोबाईल स्टार्टर आला. घरातून फोन लावायचा, शेतात मोटर सुरू होते. वीज गेली, एखादा फेज गेला, तर तसा निरोपही येतो.

त्या स्टार्टरच्या बोर्डावर सिमकार्डशी बोलणारं एक मॉड्यूल असतं, दीड-दोन सेंटिमीटरचा चौकोन. त्याच्या कडांना चाळीसहून जास्त जोड असतात आणि त्यातला प्रत्येक कथलाच्या बारीकशा थेंबाने बोर्डाला चिकटलेला असतो. पावसाळ्याच्या तोंडाशी वीज कडाडली, लाइनमधून झटका आला आणि हे मॉड्यूल गेलं, तर ते काढायचं कसं? सोल्डरिंग आयर्नचं टोक एका जोडावर ठेवलं की तो वितळतो. दुसऱ्यावर जावं तोवर पहिला पुन्हा घट्ट. चाळीस जोड एकाच क्षणी पातळ झाले तरच तो चौकोन उचलता येईल. आयर्नच्या एका टोकाने ते होत नाही. वाऱ्याने होतं.

मला या गोष्टीचं आश्चर्य वाटणं अजून थांबलेलं नाही. हवा ही उष्णता वाहून नेण्याच्या कामी फार गरीब वस्तू आहे. नगर समुद्रसपाटीपासून साधारण साडेसहाशे मीटर उंचीवर. तिथे उन्हाळ्यात लिटरभर हवेचं वजन जेमतेम 1.1 ग्रॅम भरतं. एवढी हवा एका अंशाने तापवायला साधारण 1.1 ज्यूल ऊर्जा लागते. लिटरभर पाण्याला जवळजवळ 4,200 लागतात. म्हणजे हवेत उष्णता मावतेच किती थोडी! तरीही तीच हवा एका धातूच्या नळीतून, तापलेल्या तारेवरून फुंकली, की समोरचा धातू पाण्यासारखा पातळ होतो. हे जमतं ते हवा सतत नवी येत राहते म्हणून. एक लिटर हवा आपली उष्णता देऊन निघून जाते, तिच्या मागे दुसरी हजर असते.

स्वस्तातलं हॉट एअर मशीन घ्यायचं आणि वापरायचं, याचं जवळजवळ सगळं मर्म इथेच आहे. दुरुस्तीच्या दुकानात ज्याला ‘एसएमडी मशीन’ म्हणतात त्याच्या तोंडावर तापमानाचा लाल आकडा झळकतो आणि नवशिक्याचं सगळं लक्ष त्या आकड्याकडे जातं. बोर्डावर पोहोचणारी उष्णता मात्र दोन गोष्टींवर ठरते: हवा किती तापली आणि किती वाहिली. मिनिटाला 20 लिटर हवा 30 अंशांवरून 350 अंशांवर न्यायची तर हिशेबाने साधारण 120 वॅट पुरतात. आता स्वस्त मशीनच्या खोक्यावरचे आकडे पाहा. 858 या क्रमांकाच्या घराण्यातल्या बऱ्याच मशीनवर लिहिलेलं असतं: 700 वॅट, मिनिटाला 120 लिटर, 450 अंश किंवा त्याहून जास्त. तोच हिशेब इथे लावला तर 120 लिटर हवा 450 अंशांवर न्यायला 900 वॅटच्या वर लागतात, आणि वाटेत वाया जाणारी उष्णता वेगळीच. खोक्यावरचा प्रत्येक आकडा सुटासुटा खरा असेलही, पण सगळे एकाच वेळी खरे असू शकत नाहीत. वारा पूर्ण सोडलात तर तापमान घसरेल. तापमान हवं असेल तर वारा आवरावा लागेल. दुकानदार हे सांगत नाही. घरी वहीवर मांडून बघता येतं.

खेड्यात यात आणखी एक भर पडते. तारेची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते. संध्याकाळी लाइन 230 वरून 180 व्होल्टवर आली, तर 700 वॅटची तार 430 वॅटच देते. मशीनमधला नियंत्रक तार सतत चालू ठेवूनही मागे पडतो. त्या वेळी 350 अंशांवर मिनिटाला सत्तरेक लिटरहून जास्त हवा तापणं शक्यच नसतं. पाथर्डी किंवा जामखेडच्या एखाद्या गावात सकाळी सुरळीत होणारं काम दिवेलागणीला अडतं, तेव्हा दोष हाताला देण्याआधी मल्टिमीटर लावून व्होल्टेज पाहावं. छताचा पंखाही बंद करावा. आडवा वारा बोर्डाची उष्णता किती झपाट्याने पळवतो, हे एकदा पाहिलं की पटतं.

जोडातला धातू कोणता, हेही कळायला हवं. जुन्या काळचं सोल्डर म्हणजे 63 टक्के कथील आणि 37 टक्के शिसं. नुसतं कथील 232 अंशांना वितळतं, नुसतं शिसं 327 ला, आणि या प्रमाणात एकत्र आले की दोघं मिळून 183 लाच पातळ होतात. दोन धातूंनी एकमेकांचा कडकपणा असा उतरवावा, हीसुद्धा निसर्गातली एक नवलाईच. 1 जुलै 2006 पासून युरोपने इलेक्ट्रॉनिक वस्तूंतल्या शिशावर बंधन आणलं आणि जगभरचे कारखाने शिसेविरहित सोल्डरकडे वळले. त्यातल्या सर्वांत प्रचलित मिश्रणात 96.5 टक्के कथील, 3 टक्के चांदी आणि अर्धा टक्का तांबं असतं. ते 217 अंशांच्या पुढे वितळतं. म्हणून आजच्या बोर्डाशी झगडताना अनुभवी कारागीर एक युक्ती करतात. आधी आयर्नने प्रत्येक जोडावर थोडं जुनं, शिसेवालं सोल्डर चढवतात. मिश्रणाचा वितळणबिंदू खाली येतो आणि मग वाऱ्याचं काम सोपं होतं.

वितळतं 217 ला, मग मशीनवर 350 का लावायचं? कारण आकडा मोजला जातो तो नळीच्या आत, तारेजवळ. नोझलमधून बाहेर पडून सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर अंतर कापेपर्यंत हवा बरीच निवते. त्यात बोर्डाच्या पोटात पसरलेला तांब्याचा पत्रा आलेली उष्णता चहूकडे वाटून टाकतो. म्हणून नुसता आकडा वाढवत नेणं हा उपाय नव्हे. बहुतेक आयसी 245 ते 260 अंशांची झळ थोडा वेळच सोसतात आणि नेहमीच्या हिरव्या बोर्डातली राळ 130 ते 170 अंशांच्या दरम्यानच मऊ पडू लागते. आधी नोझल उंच धरून, गोल फिरवत सगळा भाग मिनिटभर शेकून घ्यावा, मग जवळ यावं. घाईने एकाच जागी झळ मारली तर सिरॅमिक कपॅसिटरला डोळ्यांना न दिसणारी चीर जाते आणि तो दोष पुढे दोन महिन्यांनी उपटतो. अशी दुरुस्ती मला दुरुस्ती न करण्याहून वाईट वाटते.

वारा लावण्याआधी जोडांवर फ्लक्स हवाच. पितळी पातेल्याला कल्हई लावताना कल्हईवाला तापलेल्या भांड्यात नवसागर टाकतो, पांढरा धूर उठतो आणि कापसाच्या बोळ्याखाली कथील चकाकत पसरतं. फ्लक्स नेमकं तेच काम करतो. तापलेल्या धातूवर हवेतला प्राणवायू क्षणात थर धरतो आणि त्या थरावर कथील चिकटत नाही. नवसागर किंवा झाडाच्या राळेपासून केलेला फ्लक्स तो थर खाऊन टाकतो. फरक एवढाच की नवसागराची जात आक्रमक. ती भांड्याला चालते, बोर्डाच्या बारीक तांब्याला पुढे गंज लावते. म्हणून बोर्डाला राळेचा किंवा ‘नो-क्लीन’ जातीचा फ्लक्सच वापरावा आणि काम झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्यावं.

आणि मग तो क्षण येतो ज्याच्यासाठी हे सगळं शिकावं. बोर्डावरच्या एका प्रचलित मापाच्या कपॅसिटरची लांबी 1 मिलिमीटर, रुंदी अर्धा मिलिमीटर, वजन मिलिग्रॅमच्या आसपास. चिमट्याने तो जागेवर ठेवताना थोडा वाकडा बसतोच. वारा लावावा. काही सेकंद काहीच होत नाही. मग करडं सोल्डर एकदम आरशासारखं चमकतं आणि कपॅसिटर आपोआप, जणू कुणी ओढून घेतल्यासारखा, सरळ होऊन नेमका जागी बसतो. हा पृष्ठताणाचा खेळ आहे. वितळलेल्या सोल्डरचा पृष्ठताण पाण्याच्या सहा-सात पट असतो. द्रवाला आपला पृष्ठभाग कमीत कमी ठेवायचा असतो आणि कपॅसिटर मध्यभागी सरळ असतानाच तो कमीत कमी होतो. अर्ध्या मिलिमीटरच्या कडेवर ही ओढ त्या तुकड्याच्या वजनाच्या वीस-पंचवीस पट भरते. एवढ्या जोरापुढे त्याचा वाकडेपणा टिकणार कसा? हीच ओढ उलटतेही. एका टोकाचं सोल्डर आधी वितळलं तर ते टोक खाली खेचलं जातं आणि कपॅसिटर ताठ उभा राहतो. म्हणून झळ दोन्ही टोकांना सारखी लागली पाहिजे. मॉड्यूल काढतानाही खूण तीच. चमक आली की चिमट्याने हलकेच ढोसून पाहावं. तरंगल्यासारखं हललं तरच उचलावं. ओढून काढलं तर खालचं तांबं उखडून येतं आणि तिथे पुढचं सगळं काम अडतं.

आता खरेदी. रंग सोलायला किंवा पाइप वाकवायला वापरतात ती हीट गन बोर्डाला चालत नाही. तिचा झोत इतका मोठा असतो की बारीक भाग उडून जातात. बोर्डासाठीच्या मशीनचे ढोबळ दोन प्रकार. एकात हवेचा पंप खालच्या पेटीत असतो आणि रबरी नळीतून हवा वर येते. हँडल हलकं राहतं, पण पेटी घरघरते. दुसऱ्यात छोटा पंखा हँडलमध्येच असतो. 858 घराणं या दुसऱ्या प्रकारातलं आणि तीन-चार हजार रुपयांच्या आसपास ते मिळून जातं. स्टार्टर, सेटटॉप बॉक्स, डेअरीतला वजनकाटा, एलईडीचा ड्रायव्हर एवढ्या कामांना ते पुरेसं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. लॅपटॉपच्या जाड, अनेक थरांच्या बोर्डाला मात्र ते अपुरं पडतं. तिथे हजार वॅटचं मशीन किंवा खालून शेकणारा प्रीहीटर लागतो. आयर्न आणि हॉट एअर एकाच पेटीत देणारी जोडमशीनं मोहात पाडतात, पण एक भाग बिघडला की दोन्ही कामं बंद. मी सुटी घेईन. घेताना जादा हीटर मिळतो का ते आधी विचारावं, कारण हीटर कधी ना कधी जातोच. नगरहून पुण्याला तापकीर गल्लीत सुट्या भागांसाठी चक्कर होणार असेल, तर त्याच फेरीत तो आणून ठेवावा.

स्वस्त मशीन सुरू करण्याआधी एक तपासणी टाळू नये. या घराण्याच्या काही नकलांमध्ये बटण आणि फ्यूज फेजऐवजी न्यूट्रलवर जोडलेले आढळले आहेत. बटण बंद असलं तरी आत फेज जिवंत राहतो. काहींत नळीपर्यंत अर्थिंगच पोहोचलेलं नसतं. प्लग बाहेर असताना मल्टिमीटरने प्लगची जाड पिन आणि धातूची नळी यांच्यात सलगता आहे का पाहावं. बटणाचं कळत नसेल तर गावातल्या वायरमनकडून पेटी उघडून तपासून घ्यावी. दुकानातल्या सॉकेटला खरं अर्थिंग आहे ना, हेही बघावं. काम झाल्यावर हँडल स्टँडवर ठेवलं की पंखा चालू राहून नळी थंड होते आणि मगच मशीन थांबतं. त्याआधी प्लग ओढला तर आतली उष्णता हीटर आणि प्लास्टिक दोन्ही जाळते.

बोर्डावर बॅटरी असेल तर ती पहिल्यांदा काढावी. सिमचा प्लास्टिक सॉकेट आणि फुगणारे गोल कपॅसिटर कॅप्टॉन टेपने किंवा ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याने झाकावेत. खिडकी उघडी असावी. या तापमानाला शिशाची वाफ जवळजवळ होतच नाही, पण फ्लक्सचा धूर छातीला बाधतो. शिसं हाताला लागून पोटात जाऊ शकतं, म्हणून काम संपल्यावर हात साबणाने धुवावेत. घरात लहान मूल असेल तर जेवायच्या जागी हे काम नकोच.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात मोबाईल आणि घरगुती उपकरणांबरोबर शेतीची अवजारंही घेतली. हक्क कागदावर येईल तेव्हा येईल. तो वापरणारा हात तालुक्याच्या गावात तयार हवा. शिकायचं असेल तर भंगारवाल्याकडून बंद पडलेले सेटटॉप बॉक्स आणि मोबाईलचे बोर्ड वजनावर घ्या. त्यावरचा एकेक कपॅसिटर काढा आणि परत बसवा. निम्म्या वाऱ्यावर सुरुवात करा, आकडा 350 च्या पुढे नेण्याची घाई करू नका. गिऱ्हाइकाचा स्टार्टर हातात घ्यायचा तो निकामी बोर्डावरचं मॉड्यूल खालच्या तांब्याला धक्का न लावता निघायला लागल्यावरच.