उतारवयाची शिदोरी

वयोमानाप्रमाणे मनुष्याच्या गरजा पालटतात. बालपणी विद्या हवी, तारुण्यात घर, प्रौढपणी मुलांच्या शिक्षणाची तरतूद. वार्धक्यास मात्र अन्न व औषध पुरे, असा समज आहे. आमचा अनुभव निराळा. निवृत्त होताच पेन्शनचा सारा व्यवहार आम्ही मुलाकडे सोपविला. मुलगा गुणी, काही उणे पडू दिले नाही. तथापि नातीच्या खाऊसाठी दहा रुपये मागताना आमची जीभ अडखळली.

२००७ च्या कायद्याने वृद्ध मातापित्यांस निर्वाहखर्च मागण्याचा हक्क दिला. बक्षीसपत्रात सांभाळाची अट घातली असून ती मोडली, तर ते रद्दही करविता येते. परंतु जेथे प्रेम आहे, तेथे कायद्याचे काय काम? तेथे एवढेच करावे: वडीलधाऱ्यांच्या हाती थोडी रक्कम राहू द्यावी, आणि तिचा हिशेब विचारू नये.