हेब्बाळचे दोन शिंजीर

बंगळूर शहराच्या उत्तरेस हेब्बाळ तलाव आहे. इ. स. १५३७ मध्ये केंपेगौडाने जे तलाव बांधविले, त्यांत याची गणना होते. या परिसरातील बागांत चिमणीहूनही लहान, बाकदार चोचीचे, चकचकीत पक्षी फुलाफुलांवर भिरभिरताना दिसतात. पाहणारा सहज म्हणून जातो, "हा हमिंगबर्ड!" परंतु हमिंगबर्ड केवळ अमेरिका खंडांत आढळतो. त्याच्या सुमारे ३६० जातींपैकी एकही भारतात नाही. आपण पाहतो तो शिंजीर होय.

मग हे साम्य कशामुळे? नात्यामुळे नव्हे. हमिंगबर्ड हा पाकोळीचा आप्त, तर शिंजीर हा चिमणी-कावळ्यांच्या गणातील. दोघांनीही फुलांतील मध हेच अन्न स्वीकारले. त्यामुळे लांब चोच, लांब जीभ आणि इवलासा देह ही साधने दोघांच्या ठायी स्वतंत्रपणे निर्माण झाली. भेद उड्डाणात दिसतो. हमिंगबर्डचे पंख खांद्यापाशी असे फिरतात की, वर जाताना व खाली येताना, दोन्ही वेळा त्याला आधार मिळतो. म्हणून तो हवेत स्थिर राहून मध पितो. शिंजीर क्षणभर तसे करतो खरा, पण बहुधा डहाळीवर बसूनच मध प्राशन करतो.

हेब्बाळच्या परिसरात शिंजिराच्या दोन जाती नेहमी दिसतात. जांभळ्या शिंजिराचा नर विणीच्या काळात काळाभोर भासतो; ऊन पडताच त्यावर निळी-जांभळी झळाळी चढते. हंगाम सरला की तो हा वेष टाकतो. तेव्हा त्याचा खालचा भाग पिवळसर होतो आणि गळ्यापासून पोटाकडे एक काळी पट्टी तेवढी उरते. जांभळ्या पाठीच्या शिंजिराचा नर मात्र असा वेष पालटत नाही. हिरवट चकाकणारा माथा, तांबूस पाठ, जांभळा गळा व पिवळे पोट हे त्याचे रूप बाराही महिने कायम असते.

माद्या ओळखणे अधिक कठीण. त्यांचा गळा पाहावा : जांभळ्या शिंजिराच्या मादीचा गळा पिवळसर, तर दुसरीचा फिकट पांढुरका असतो. हे ध्यानी न घेतल्यास वेष पालटलेला नर तिसरीच जात म्हणून वहीत नोंदला जातो आणि सारी गणना चुकते.

दोघांचेही घरटे फांदीला टांगलेल्या थैलीसारखे असते. कोळ्याच्या जाळ्याचे धागे, सालीचे तुकडे व वाळका कचरा यांनी मादी ते विणते. पिलांना मात्र केवळ मध पुरत नाही. त्यांना किडे व कोळी भरवावे लागतात. म्हणून ज्या बागेत फुले विपुल आहेत, पण कीटकनाशकाने किडे व कोळी नाहीसे केले आहेत, तेथे शिंजीर पाहुणा म्हणून येईल, संसार मांडू शकणार नाही.

बंगळूरच्या बागांत हमेलिया नावाचे लाल-नारिंगी फुलांचे झुडूप लावतात. ते मूळचे अमेरिकेतील. तेथे त्याच्या फुलांवर हमिंगबर्ड येतो. येथे त्याच फुलांत शिंजीर चोच घालतो. दोन खंडांतील दोन परक्या कुळांना एकच फूल मानवते, ते असे!