कोलकात्याच्या भेड्या

कोलकाता शहर हुगळीच्या काठी वसलेले असले, तरी त्याच्या भूमीचा उतार नदीकडे नसून पूर्वेकडे आहे, आणि त्यामुळे या महानगराचे मैलापाणी शतकाहून अधिक काळ पूर्वेच्या दलदलीकडेच जात आले आहे. विद्याधरी नदी गाळाने भरून मृतप्राय झाली व भरतीचे खारे पाणी येईनासे झाले, तेव्हा तेथील मत्स्यव्यावसायिकांनी निराश होऊन गाव न सोडता, ‘भेडी’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या आपल्या उथळ तळ्यांत शहराचे सांडपाणी बेताबेताने घेण्याची वहिवाट पाडली.

हिवाळ्यात भेडी उपसून तिचा तळ उन्हात वाळवतात, मग सांडपाणी आत घेऊन ते काही काळ स्वस्थ राहू देतात. या अवधीत जंतू मळाचे विघटन करतात. त्यातून मोकळ्या झालेल्या नत्रावर व स्फुरदावर सूक्ष्म शैवाल पोसते. ते शैवाल सूर्यप्रकाशात जो प्राणवायू सोडते, त्यावर पुन्हा तेच जंतू जगतात. त्यानंतर सोडलेले रोहू, कटला, मृगळ हे मासे त्या सूक्ष्म जीवसृष्टीवर वाढतात, आणि शहराने टाकून दिलेले पोषण शहराच्याच बाजारात अन्न होऊन परत येते. भेडीबाहेर पडणारे पाणी भातशेतीस मिळते. काठावर मुद्दाम राखलेली जलपर्णी लाटांपासून बांधांचे रक्षण करते. यांत्रिक शुद्धीकरण केंद्रांत हवा फुंकण्यासाठी जी वीज अहोरात्र खर्ची पडते, तिचे काम येथे ऊन करते. मात्र त्यासाठी विस्तीर्ण जमीन लागते, आणि नेमके तेच या व्यवस्थेचे मर्मस्थान आहे.

सॉल्ट लेक हे उपनगर १९६० च्या दशकात अशाच पाणथळ भूमीवर भराव घालून उभे राहिले. पुढे ध्रुवज्योती घोष या सरकारी अभियंत्याने या अशिक्षित समजल्या जाणाऱ्या लोकांच्या विद्येचा सांगोपांग अभ्यास करून ती जगापुढे मांडली. १९९२ मध्ये उच्च न्यायालयाने भरावास मनाई केली, २००२ मध्ये १२,५०० हेक्टर क्षेत्राला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा लाभला आणि २००६ मध्ये स्वतंत्र कायदाही झाला. तथापि अतिक्रमण थांबलेले नाही, आणि चर्मोद्योगातील क्रोमियमसारखी द्रव्ये पचविण्याचे सामर्थ्य शैवालात वा माशांत नाही. म्हणून सरकारने कारखान्यांचे पाणी भेड्यांना सांडपाणी पुरवणाऱ्या कालव्यांपासून कटाक्षाने वेगळे ठेवावे, आणि भेडीवर एक पाटी मातीही पडू देऊ नये.